सहाव्या खोलीतला रहाट

ते वारले तेव्हा त्यांची खाट घरात नेमकी कुठे होती, हे मला सांगता येणार नाही. आदल्या आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराशी होती. त्याआधीच्या खेपेला जिन्याखाली. अंथरुणातून उठवत नव्हतं, तरी दोन शेजारी बोलावून, पडल्या पडल्या, "आजून एक वीत... आता डाव्या हाताला" असं सांगत त्यांनी स्वतःला घरभर फिरवून घेतलं होतं.

गाव त्यांना सरकवबाबा म्हणे. तोंडावर नुसतं बाबा. मीही बाबाच म्हणायचे. ते मला यादीबाई म्हणत, आणि गावातली निम्मी माणसं त्यामुळे माझं खरं नाव कधी शिकलीच नाहीत.

हे सगळं पन्नास ते साठ सालांमधलं. आई आणि मी कणकवलीकडून आलेल्या. मी फोर्टातल्या एका विमा कचेरीत टायपिस्ट होते, आणि आम्ही दोघी अंधेरी पूर्वेला एका जुन्या गावठाणात बाबांच्या घराच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. गाव बहुतेक ख्रिस्ती, पण बोलणं मराठी. सकाळी चर्चची घंटा, दुपारी भातशेतावरची माणसं घरी जेवायला. मागे टेकडी. टेकडीवर चढलं की एका बाजूला आरे कॉलनीतल्या गोठ्यांची पांढरी छपरं दिसत.

राहायला आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी कचेरीतून परत आले तर माझी खाट फिरलेली. उशी होती तिथे पाय, पाय होते तिथे, खिडकीखाली, उशी.

"आई, हे कोणी केलं?"

"माका काय इचारतंस? मी तांदूळ निवडी होतंय. ते इले, खाट फिरवल्यानी, गेले."

मी तशीच खाली गेले. बाबा उभ्यानं जेवत होते. ते नेहमी उभ्यानंच जेवत, एका हातात ताटली आणि चालता चालता घास.

"माझी खाट तुम्ही हलवलीत?"

"वारा तिकरून येतो."

"मला विचारायला हवं होतं."

"इचारलं असतं तर तू नाय म्हटली असतीस. आजची रात झोप. नाय जमलं तर उद्या परत फिरवू. काय लग्न लागलंय काय खाटेचं जागेशी?"

मला त्या रात्री फार छान झोप लागली. ते मी त्यांना सांगितलं नाही. मात्र वहीत लिहिलं : खाट, डोकं पश्चिमेला. तिथून पुढे घरात काय कुठे हललं याची नोंद मी ठेवू लागले, कारण नाहीतर आईला मिठाची बरणीसुद्धा सापडली नसती.

तरुणपणापासून तीस वर्षं त्यांनी फोर्टातल्या एका मोठ्या दुकानाची काचेची दर्शनी खिडकी सजवली होती. बाहुल्यांना कोट घालायचे, छत्र्या उघडून टांगायच्या, आणि दर गुरुवारी सगळं मोडून नवं मांडायचं. नोकरी संपली, गुरुवार संपले नाहीत. उलट आठवड्याचे सातही वार गुरुवार झाले. "माणसं रोज त्याच रस्त्यानं जातात," ते म्हणत. "वस्तू हलली नाय तर दिसत नाय. दिसली नाय तर ती हाय काय नि नाय काय!" त्यांच्या छत्रीच्या दांड्यावर पांढऱ्या रंगाच्या रेघा होत्या, वीत, दोन विती, हात. पाऊस असो-नसो, ती छत्री बरोबर असायची आणि कोणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत टेबलाची लांबी मोजून झालेली असायची.

चर्चमध्येही तेच. प्रार्थनेच्या मध्ये उठून दुसऱ्या बाकावर, मग तिसऱ्या. पाद्रीबाबा एकदा वेदीवरूनच म्हणाले, "अरे, प्रवचनापुरता तरी बस!" तर हे म्हणाले, "फादर, इकरून तुमचा आवाज येत नाय. तिकरून येतो, पण पटत नाय." अख्खं चर्च हसलं. फादरही.

घरी त्यांची मुलगी होती, बेबी. एकतिशीची, मिशनच्या शाळेत शिक्षिका, बापासारखीच तोंडानं सरळ. आई ती लहान असताना गेलेली. आईची तसबीर बाबा दर रविवारी दुसऱ्या भिंतीवर लावत. तिला एकाच भिंतीकडं बघून कंटाळा येतो म्हणत. तसबिरीबरोबर मावलीची, म्हणजे मारियामातेची, मूर्ती, मूर्तीबरोबर दिवा. संध्याकाळी बेबी प्रार्थनेला उभी राहायची ती रिकाम्या कोपऱ्यापुढे, आणि मग ओरडायची, "पप्पा, सगळ्या दुनियेला सरकव, पण मावलीला एका जागी राहू दे!"

"तिला काय झालं? ती तर बेथलेहेमहून इजिप्तला गेलेली."

टेकडीच्या पायथ्याशी गावाची विहीर होती. काळ्या दगडाची, चौकोनी, एका बाजूनं अर्ध्यापर्यंत उतरायला पायऱ्या. वर दोन दगडी खांब आणि त्यांच्यामध्ये लाकडी रहाट, म्हणजे दोर ओढायचं चाक. तो इतका करकरे की माडीवर झोपून मी सांगू शकायचे कोण पाणी काढतंय. बेबी भरभर, शेजारची म्हातारी थांबून थांबून, आणि माझी आई दर हंड्याला देवाचं नाव घेऊन. गल्लीतल्या नळाला सकाळी जेमतेम अर्धा तास पाणी यायचं, ते प्यायला. बाकी सगळं विहिरीचं. घरात चार बिऱ्हाडं, त्यामुळे कोणी किती हंडे आणायचे यावरून रोज भांडण. मी पाण्याच्या पाळीची वही घातली आणि भांडण दोन दिवसांत संपलं. मला त्या वहीचा अभिमान होता. पाळी कोणाची, हंडे किती, कोण आजारी, कोणी कोणाची पाळी भरली. दोन वर्षं एकही दिवस चुकला नव्हता.

पाणी पहाटे भरायचं. सात वाजले की पुरुष कामाला, बायका चुलीशी, आणि विहीर गप्प. हे सांगायचं कारण असं की त्या वर्षी ऐन पावसाळ्यात एक सरकारी निरीक्षक विहीर बघायला तीनदा आला, आणि तिन्ही वेळा दुपारी एकच्या सुमाराला. दुपारी एकला विहिरीवर कोण असणार? कावळा. महिन्याभरात नोटीस आली : विहीर वापरात नाही, पूर्वेची भिंत ढासळलेली आहे, डासांची पैदास होते, सबब भरून टाकण्यात येईल. भिंत बांधली आणि विहीर वापरात असल्याचं दिसलं, तरच फेरविचार.

बेबीचं लग्न जानेवारीत ठरलं होतं. उत्तनचा मुलगा, बोटीच्या इंजिनाची दुरुस्ती करणारा. या लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी आणायचं आणि त्या पाण्यानं नवरीला आंघोळ घालायची अशी रीत. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. नोटीस वाचून झाल्यावर बाबांनी ती घडी करून मावलीच्या मूर्तीखाली ठेवली. मग काढली, कपाटावर ठेवली. मग खिशात.

"माझी आई ह्या पाण्यानं नवरी झाली," ते मला म्हणाले. "बेबीची आई पण. आन् बेबीला काय, नळाखाली उभी करू?"

"पप्पा, मी नळाखाली पण उभी राहीन," बेबी आतून म्हणाली. "एकतीस वर्षांनी कोणीतरी हो म्हटलंय."

पण ती हे म्हणाली आणि डोळे पुसायला मागच्या दारी गेली, ते मी माडीच्या गजांतून पाहिलं.

भिंत बांधायला गावाकडे पैसा नव्हता. तो उभा करायची कल्पना टेकडीवरून आली. टेकडीवर एका वृद्ध पारशीणबाईंचा मोठा बंगला होता, बरीच वर्षं रिकामा. त्यांच्या मैत्रीण, जुहूला राहणाऱ्या एका बॅरिस्टरांच्या पत्नी, विलायतेला जाऊन आल्या होत्या. तिथे म्हणे एखादं रिकामं घर घेतात, शहरातल्या एकेका सजावटकाराला त्यातली एकेक खोली देतात, प्रत्येकानं आपली कला दाखवायची, लोकांनी तिकीट काढून बघायचं, आणि जमलेला पैसा गावातल्या एखाद्या जुन्या वास्तूच्या दुरुस्तीला. इथली जुनी वास्तू म्हणजे आमची विहीर. बॅरिस्टरीणबाईंनी विहीर पाहिली, "अगदी चित्रासारखी आहे!" म्हणाल्या आणि समिती नेमली. त्या अध्यक्ष. बाबा मांडणीचे देखरेखकार, कारण त्यांची फोर्टातली तीस वर्षं. मी चिटणीस, कारण सभेत वही घेऊन मीच बसले होते.

माझ्या हिशेबानं ते काम तीन आठवड्यांचं प्रदर्शन आणि पाच आठवड्यांची तयारी. मी कचेरीतून साठलेली रजा काढली. बैलगाड्यांतून सामान वर चढू लागलं. खोली पहिली, दिवाणखाना : रेक्झिनचा सोफा, मूत्रपिंडाच्या आकाराचं टेबल. दुसरी, जेवणघर : फॉर्मायकाचं टेबल, ज्यावर पाण्याचा थेंब टाकून सजावटकार लोकांना पुसून दाखवायचा. तिसरी, निजायची खोली : भिंती फिक्या गुलाबी. चौथीत मुलांसाठी एकावर एक दोन बिछाने, वर चढायला शिडी. पाचवीत ऑफिस, लोखंडी नळ्यांच्या खुर्च्या. प्रत्येक वस्तूची नोंद, प्रत्येक नोंदीपुढे खूण.

बाबा रोज सकाळी वर येत आणि सोफा दोन बोटं सरकवत. सजावटकार संध्याकाळी तो परत लावी. मी शेवटी प्रत्येक पायाभोवती खडूनं गोल काढले. दुसऱ्या दिवशी गोल तिथेच, सोफा दोन बोटं पुढे.

"बाबा, मी हे गोल कशासाठी काढलेत?"

"तो कुठं होता ते कळायला. चांगलं केलंस."

सहावी खोली, म्हणजे मागचं जुनं स्वयंपाकघर, कोणा सजावटकाराला नको होती. तेव्हा मी सुचवलं की ती गावाला द्यावी. विहिरीसाठी पैसे गोळा करतोय, तर विहिरीचीच खोली मांडू. बॅरिस्टरीणबाईंनी टाळी वाजवली. मी तिथल्या तिथे यादी केली : लाकडी रहाट एक, तांब्याचे हंडे सात, पाणी साठवायची दगडी डोणी एक, दोर एक. दोर जुना आणि मळका होता. त्याच्यापुढे मी लिहिलं : खराब, टाकून देणे, नवा आणणे. हंडे चिंचेनं घासून घेणे.

"रहाट नको," बाबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"तुम्ही? तुम्हीच म्हणता वस्तू हलवू नका?" मी हसले. बाईही हसल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "सरकवबाबा दमले वाटतं!"

"वस्तू हलवायची ती कामाला लागावी म्हणून. तू त्याला बसवायला नेतेस."

"फक्त तीन आठवडे, बाबा. लोकांनी बघितलं तर तिकिटं जातील, तिकिटं गेली तर भिंत होईल. सरळ आहे."

बाबांनी छत्री उचलली. जाताना माझी खुर्ची थोडी उजेडाकडे वळवली आणि गेले.

प्रदर्शन चांगलं चाललं. सांताक्रूझ, पार्ले, माटुंग्याहून माणसं आली. प्रत्येक खुर्चीवर "बसू नये" अशी पाटी मीच लावली होती. गावातली मासे विकणारी म्हातारी सगळ्या खोल्या हिंडली आणि शेवटी माझ्या टेबलाशी आली.

"ह्यात राहतं कोन?"

"कोणी नाही, आजी. नुसतं बघायचं."

"मंग झाडतं कोन?"

"मी."

"अगो बाय! तुला पन तिकीट काढाया लावलं का?"

सहाव्या खोलीत गर्दी सगळ्यांत जास्त. घासलेले हंडे सोन्यासारखे, नवा दोर पांढराशुभ्र, रहाटाच्या लाकडाला रोगण. बायका हात लावून विचारायच्या, "किती छान! हे काय असतं?" मी यादीवरून सांगायचे. खाली विहिरीपर्यंत मात्र कोणी गेलं नाही. वाट खडकाळ होती आणि बघायचं ते सगळं वरच होतं.

आणि माझ्या लक्षात एक गोष्ट आली नाही. मी, जिच्या वहीत मिठाच्या बरणीचीसुद्धा नोंद होती, तिच्या लक्षात आली नाही. रहाट वर, हंडे वर, दोर वर. मग खाली पाणी कोण आणि कशानं काढत होतं? कोणीच नाही. बायका मिशनच्या शाळेच्या नळावरून पाणी आणत होत्या. माझी आईही. पाण्याच्या पाळीची वही खिळ्याला टांगलेली होती, तिची पानं कोरी होती, आणि मी सकाळी तिच्या शेजारून प्रदर्शनाची वही घेऊन वर पळत होते.

शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी बाबा एक डबा घेऊन वर आले आणि माझ्या यादीवरच ठेवला. आत हिरवट पाणी, त्यात काळे बारीक किडे वळवळत होते.

"हे काय?"

"तुझी सहावी खोली."

"म्हणजे?"

"पाणी हललं नाय ना, गो. तीन हप्ते उभं राहिलं. परवा शनवारी निरीक्षक येतोय, चिठ्ठी आलीय. तो म्हणेल डास, मी काय म्हणू? डासच हायत."

किडे मलाही दिसत होते. पण तोंडातून निघालं ते चिटणिसाचं. "शनिवार-रविवार शेवटचे दिवस आहेत, बाबा. सगळ्यांत जास्त गर्दी. जाहिरातीत सहावी खोली छापली आहे. सोमवारी पहिलं काम तेच करू."

"सोमवार शनवारच्या नंतर येतो," ते म्हणाले, आणि डबा तिथेच ठेवून गेले. दिवसभर मी तो टेबलावर इकडून तिकडे हलवत होते. कुठेही ठेवला तरी दिसत होता.

शनिवारी आठ वाजता मी टेकडी चढले. पाच खोल्यांची खूण करून सहावीचं दार उघडलं तर खोली रिकामी. जमिनीवर डोणीचा ओला चौकोन. खिळ्याला एक पुठ्ठा, त्यावर बाबांचं दुकानातल्या पाट्यांसारखं ठसठशीत अक्षर : ही खोली खाली विहिरीवर हलवली आहे.

मी यादी हातात घेऊन खाली धावले. राग होता, आणि त्याखाली दुसरं काहीतरी होतं, त्याला त्या वेळी नाव द्यायला मी तयार नव्हते. अर्ध्या वाटेवर रहाटाचा करकर आवाज ऐकू आला. भरभर. बेबी.

विहिरीवर गावातल्या दहा-बारा बायका. कोणी पायऱ्यांवर शेवाळ खरवडतंय, कोणी हिरवं पाणी उपसून शेतात ओततंय. बेबी लुगड्याचा काचा मारून दोर ओढत होती, आणि दोर नवा नव्हता. जुनाच. त्यावर जागोजागी निळे डाग. तो दोर मी ओळखला. गेले तीन आठवडे तो आमच्या माडीच्या सज्ज्यात कपडे वाळत घालायला बांधलेला होता आणि नीळ दिलेल्या माझ्या साड्या मी त्यावर टाकत होते. मी टाकून दिलेला दोर त्यांनी उचलून माझ्याच नाकासमोर बांधला होता, आणि मला तो दिसला नव्हता.

बाबा पायरीवर बसले होते. मी त्यांना बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सत्तरीच्या माणसानं रहाट खांद्यावर घेऊन टेकडीवरून उतरवला होता.

"बोल," ते म्हणाले. "काय बोलायचं ते बोल, यादीबाई."

मी पेन्सिल काढली. रहाट एक. खूण. डोणी एक. खूण. हंडे सात... सहाच दिसत होते.

"सातवा?"

"पाण्यात," बेबी म्हणाली आणि ओढला. तो वर आला, भरलेला. मी खूण केली.

निरीक्षक अकराला आला. तरुण होता, हातात चामडी पिशवी, बूट धुळीनं भरलेले. चेहऱ्यावरून दुष्ट वाटला नाही, नुसता घाईत. त्यानं विहिरीत वाकून बघितलं, हंडे बघितले, पायऱ्यांच्या कपाऱ्यांत उरलेलं हिरवं बोटानं काढून बघितलं.

"हे आज सकाळी मांडलंय," तो म्हणाला. "रोजच्या पाण्याचे हंडे इतके चकचकीत नसतात. वर बंगल्यात काहीतरी प्रदर्शन चालू आहे म्हणे?"

हंडे मी घासायला लावले होते.

"साहेब, आम्ही पहाटे भरतो पाणी," बेबी म्हणाली. "तुम्ही येता दुपारी."

"सगळीकडे हेच सांगतात, बाई."

"दोन मिनिटं थांबाल?" मी म्हणाले, आणि घराकडे पळाले. आई दारात तांदूळ निवडत होती. "काय गो, आग लागली काय?" खिळ्यावरची वही ओढली आणि परत.

निरीक्षकानं वही उघडली. पहिलं पान उभ्यानं वाचलं. मग पायरीवर बसून वाचू लागला. चार बिऱ्हाडं, दोन वर्षं, रोजचे हंडे. मध्ये मध्ये माझे शेरे : आई तापली, पाळी बेबीनं भरली. दोर तुटला, हंडा बुडाला, बाबांनी काढला. रहाट करकरतो, तेल हवं, बाबा नको म्हणतात, आवाजावरून कोण आहे ते कळतं. तिथे तो किंचित हसला. यादी करणारं माणूस यादी करणाऱ्याला ओळखतं, आणि अशी वही कोणी एका रात्रीत बनवत नाही हे त्याला कळत होतं. मग त्यानं शेवटची पानं उलटली आणि हसू गेलं.

"गेले तीन आठवडे कोरे आहेत."

बायका माझ्याकडे बघू लागल्या. बाबाही. काहीतरी सांगता आलं असतं. घरात आजारपण, वही हरवली. मी दुसरी वही पुढे केली, प्रदर्शनाची.

"तीन आठवडे रहाट वर बंगल्यात होता. यात नोंद आहे. नेल्याची तारीख बघा, आणि पाळीच्या वहीत शेवटची नोंद बघा. आदल्या दिवसाची आहे."

त्यानं दोन्ही वह्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवून बघितल्या.

"म्हणजे विहीर वाचवायला तुम्ही विहीर बंद पाडलीत?"

"हो. यादी माझी होती. हे बाबा नको म्हणत होते."

"मी तर सगळंच हलवतो साहेब," बाबा पायरीवरून म्हणाले. "पन ही पोरगी माझ्यावर पन वरताण निघाली."

आधी बेबी हसली, मग सगळ्या. निरीक्षक हसला नाही, पण पेनचं टोपण काढून लिहायला लागला. भिंत दोन महिन्यांत बांधायची. तोंडाला जाळी. पाण्यात गप्पी मासे सोडायचे, ते डासांची अंडी खातात. आणि तो न सांगता एखाद्या पहाटे येईल. पुरावा म्हणून पाळीची वही त्यानं बरोबर नेली. मी पोच लिहून घेतली.

तेवढ्यात टेकडीच्या वाटेवरून आरडाओरडा ऐकू आला. बॅरिस्टरीणबाई उतरत होत्या, तोंड लाल, आणि मागे सहावी खोली बघायला आलेली तिकीटवाली माणसं, उंच टाचांच्या चपला हातात घेऊन, खडकांवरून तोल सावरत. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं तसे सगळे खाली आले होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. बाई मला बोलायला तोंड उघडणार, इतक्यात त्यांच्याबरोबरच्या एका बाईनं बेबीला विचारलं, "मी ओढून बघू का?" आणि रहाट करकरला, चुकत, अडखळत, कोणाचाच नसलेला आवाज.

निरीक्षक खरंच पहाटे आला. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी आईनं त्याच्या हातात हंडाच दिला. "इलास तसो एक भरून दी." त्यानं भरला. रविवारपर्यंत जमलेल्या पैशांतून भिंत झाली, नाताळच्या आधी.

जानेवारीत उंबराचं पाणी आणायला गाव निघालं. बँड, बायकांची लाल लुगडी, डोक्यावर कळशा. पहिला हंडा बाबांनी ओढला, दुसऱ्या कोणाला दोराला हात लावू दिला नाही. वाजतगाजत परत आलो तर अंगणातला मांडव सकाळी होता त्याच्या तीन हात डावीकडे. बेबीनं डोक्याला हात लावला. "पप्पा, उद्या चर्च तरी जागेवर ठेव!"

पाळीची वही फेब्रुवारीत सरकारी शिपाई परत देऊन गेला. मी कचेरीत होते, ती बाबांनी घेतली.

"कुठे ठेवलीत?"

"जपून."

"जपून म्हणजे कुठे?"

"एका जागी ठेवून चालायचं नाय असली वस्तू. मिळेल तुला."

दर दोन-चार महिन्यांनी मी विचारायचे आणि ते हेच सांगायचे. नंतर आम्हाला मुलुंडला सोसायटीत जागा मिळाली, आई तिथेच वारली, माझे केस पिकले. बाबा गेल्यावर बेबी उत्तनहून आली आणि आम्ही दोघींनी चार दिवस ते घर शोधलं. कपाटांच्या मागे, मावलीच्या मूर्तीखाली, तसबिरीच्या फळीत, तांदळाच्या कणगीच्या तळाशी. मिळालं बरंच काही. माझ्या आईची हरवलेली मिठाची बरणीसुद्धा मिळाली. वही मिळाली नाही.

माझ्या सगळ्या वह्यांची एक यादी आहे. तीत अकरावी ओळ पाण्याच्या पाळीची. तिच्यापुढे खूण नाही. रहाट कुठे आहे ते मला माहीत आहे. मागच्या महिन्यात जाऊन बघून आले, दोन खांबांच्या मध्ये, होता तिथेच. त्यांनी तो नंतर कधी जागेवरून हलवला नाही. बाकी सगळं हललं.